पाठ ७ : एका हाताचा शिपाई योसेफ ट्रुम्पेल्डोर

(आदार महिन्यासाठी. मोठ्या गटाने स्वतः वाचावा. लहान गटाला घरच्या मोठ्या माणसांनी वाचून दाखवावा आणि अडेल तिथे थांबून समजावून सांगावे.)

मुलांनो, टोकियोत चियोदा लाइनवर नोगीझाका नावाचे स्टेशन आहे. तुमच्यापैकी निम्मे जण तिथून रोज जातात. स्टेशनातून वर आले की लगेच नोगी जिन्जा लागते आणि शेजारीच जनरल नोगी मारेसुके यांचे जुने घर जपून ठेवलेले आहे. साधे, काळपट लाकडाचे घर. बाजूचा घोड्यांचा तबेला मात्र चांगला विटांचा. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मला वाटले, हा माणूस स्वतःपेक्षा घोड्यांची जास्त काळजी घेत असावा.

या नोगींची आणि आजच्या पाठातल्या माणसाची समोरासमोर भेट झाली असेल असे नाही. पण १९०४ साली दोघे एकाच जागी होते. एक भिंतीच्या बाहेर, दुसरा आत. ती जागा म्हणजे पोर्ट आर्थर. तुमच्या जपानी शाळेच्या पुस्तकात तिला 'र्योजून' म्हणतात आणि त्या युद्धाला 'निचिरो सेन्सो', म्हणजे रशिया-जपान युद्ध. आज ती जागा चीनमध्ये, दालियान शहराच्या हद्दीत येते. नोगींच्या फौजेने तिथल्या रशियन किल्ल्याला वेढा घातला होता. किल्ला पडेपर्यंत नोगींचे दोन्ही मुलगे त्या युद्धात गेले. आणि किल्ल्याच्या आत रशियाच्या झारसाठी लढणाऱ्या शिपायांत एक ज्यू दंतवैद्य होता. त्याचे नाव योसेफ ट्रुम्पेल्डोर.

दरवर्षी आदारच्या ११ तारखेला, म्हणजे पुरीमच्या तीन दिवस आधी, इस्राएलमध्ये त्याची आठवण काढतात. आपल्या मोठ्या मंडळींपैकी जी काही वर्षे इस्राएलला राहून आली आहेत त्यांना 'तेल हाय' हे नाव ठाऊक असेल. पण हाच माणूस जवळजवळ एक वर्ष जपानमध्ये कैदी होता, आणि त्याच्या आयुष्याला जे वळण लागले ते इथे, जपानच्या मातीवर लागले, हे आपल्यातल्याही फार थोड्यांना माहीत असते. म्हणून हा पाठ.

बाप आणि मुलगा

गोष्ट बापापासून सांगायला हवी. झार निकोलस पहिला याने १८२७ साली हुकूम काढला की ज्यूंनीही सैन्यात माणसे द्यायची. बारा वर्षांची पोरेसुद्धा धरून नेत. आधी त्यांना लष्करी शाळेत घालत, आणि मग पंचवीस वर्षांची नोकरी. घरापासून हजारो कोस दूर, प्रार्थना नाही, कोशर जेवण नाही. कित्येकांचा धर्म जबरदस्तीने बदलला. योसेफचे वडील वुल्फ असेच धरून नेलेले पोर. त्यांनी कॉकेशसच्या डोंगरांतल्या लढायांत जखमींची शुश्रूषा करण्याचे काम केले, पूर्ण मुदत भरली आणि ज्यू राहिले. या चाकरीचे बक्षीस एकच होते. सामान्य ज्यूंना रशियात ठरवून दिलेल्या पट्ट्यातच राहावे लागे, पण मुदत भरलेल्या जुन्या शिपायाला त्या पट्ट्याबाहेर घर करता येई. म्हणून योसेफचा जन्म १८८० साली प्यातिगोर्स्कला, ज्यू वस्तीपासून खूप दूर झाला, आणि नंतर कुटुंब रोस्तोवला गेले.

आता हे नीट लक्षात घ्या. मुलगा रशियन बोलत वाढला. यिद्दिश बेताची, हिब्रू जवळजवळ नाहीच. शिकायची इच्छा होती, पण माध्यमिक शाळेत ज्यू मुलांसाठी जागांचा कोटा होता आणि त्याचा नंबर लागला नाही. म्हणून तो दंतवैद्य झाला. १९०२ साली सैन्यात बोलावणे आले आणि तो गेला. अनेक ज्यू तरुण तेव्हा सैन्य चुकवण्यासाठी अमेरिकेची बोट धरत होते. हा गेला, आणि पुढे युद्ध लागल्यावर पोर्ट आर्थरला पोचला.

वर्गात हा भाग वाचून दाखवला तेव्हा एका मुलीने लगेच विचारले, "ज्या राजाने शाळेत घेतले नाही त्याच्यासाठी तो कशाला लढला?" प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडे याचे सोपे उत्तर नाही. एक कारण असे सांगतात की, ज्यू भित्रे असतात, रणातून पळतात, असे रशियात उघड बोलले जाई, आणि ते खोटे ठरवायचे त्याच्या मनात होते. आपल्याच बेने इस्राएल घरांत पलटणीच्या गोष्टी सांगतात त्यातही हा सूर असतो, ऐकून पाहा. इतरांनी बोट दाखवू नये म्हणून दुप्पट चांगले वागायचे. तो भार अल्पसंख्य माणसांच्या पाठीवर नेहमीच असतो. तो असावा की नसावा हा वेगळा प्रश्न.

एक हात

ऑगस्ट १९०४ मध्ये जपानी तोफांचा मारा सुरू असताना गोळ्याचा तुकडा लागून त्याचा डावा हात गेला. कोपराच्या वरून कापावा लागला. सुमारे शंभर दिवस तो इस्पितळात होता. नियमाप्रमाणे त्याची सुट्टी झालीच होती, घरी जाणे बाकी होते. त्याने मात्र वरिष्ठांना अर्ज लिहिला. अर्जाचा मतलब असा : माझा एकच हात उरला आहे, पण तो उजवा आहे. तेव्हा मला पुन्हा माझ्या सोबत्यांत पाठवा, आणि बंदूक दोन हातांनी धरावी लागते म्हणून तिच्याऐवजी तलवार आणि पिस्तूल द्या. अर्ज मंजूर झाला. तो परत मोर्च्यावर उभा राहिला, आणि १९०५ च्या जानेवारीच्या आरंभी किल्ला शरण गेला तेव्हा बाकीच्यांबरोबर कैदी झाला.

इथे थोडे थांबून टोकियोची एक गोष्ट सांगतो, कारण ती मोठ्यांना आवडेल. त्याच वेळी जपानकडे युद्धाला पैसा नव्हता. बँक ऑफ जपानचे ताकाहाशी कोरेकियो लंडनला कर्ज उभे करायला गेले आणि तिथे त्यांना न्यूयॉर्कचे सावकार जेकब शिफ भेटले. शिफ जर्मनीतून अमेरिकेत आलेले ज्यू. १९०३ साली किशिनेव्हला ज्यूंची कत्तल झाली होती आणि झारच्या राज्यावर त्यांचा भारी राग होता. त्यांनी जपानचे कर्जरोखे खपवून दिले. एकदा नव्हे, अनेकदा. १९०६ साली ते टोकियोला आले तेव्हा सम्राट मेइजींनी त्यांना राजवाड्यात जेवायला बोलावले आणि उगवत्या सूर्याचे पदक दिले. ताकाहाशी पुढे पंतप्रधान झाले. १९३६ च्या फेब्रुवारीत बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना घरात घुसून मारले. ज्या घरात मारले ते घर आज कोगानेईच्या एदो-टोकियो उघड्या संग्रहालयात उभे आहे. आपण शाळेच्या सहलीत पाहतो तेच.

म्हणजे बघा, एका ज्यूने न्यूयॉर्कला बसून पैसा उभा केला, त्या पैशाने जपानच्या लढाईला बळ आले, आणि समोरच्या खंदकांत हजारो ज्यू शिपाई रशियाच्या गणवेशात होते. कोणाचे बरोबर? शिफना विचारले असते तर ते म्हणाले असते, झार हरला तरच ज्यूंचे बरे होईल. ट्रुम्पेल्डोर म्हणाला असता, मी शपथ घेतली आहे. मला वाटते, दोघेही खरे बोलले असते.

ओसाकाजवळची छावणी

युद्ध संपेपर्यंत जपानमध्ये सत्तर हजारांहून जास्त रशियन कैदी आले. मात्सुयामाची छावणी सर्वांत प्रसिद्ध, पण मोठी म्हणाल तर ओसाकाजवळची, हामादेरा-ताकाइशी भागातली. समुद्राकाठी पाईनची झाडे, त्यांच्या मागे लाकडी बराकींच्या रांगा. जवळच्या इझुमिओत्सुला इथे वारलेल्या रशियन शिपायांची छोटी दफनभूमी अजून आहे. जपानला तेव्हा जगाला दाखवायचे होते की आम्ही सुधारलेले राष्ट्र आहोत, त्यामुळे कैद्यांना बरे वागवले गेले. चाळीस वर्षांनंतरच्या छावण्यांची गोष्ट वेगळी होती, ती मोठ्यांना ठाऊक आहे.

इथे ट्रुम्पेल्डोर आला. कैदेत माणसाचे काय होते याचा अनुभव आपल्यातल्या कोणाला नसावा आणि देवाने कधी देऊ नये. वेळ जात नाही, भांडणे होतात, माणसे एकमेकांवर चिडतात. त्याने पहिले काम केले ते शाळेचे. ज्यू शिपायांपैकी बऱ्याच जणांना लिहितावाचता येत नव्हते, त्यांना रशियन अक्षरे आणि हिशोब शिकवायला सुरुवात केली. मग वाचनालय, नाटकमंडळी, गरजूंसाठी मदतीचा फंड, आणि एक छावणीतले वृत्तपत्र. शेवटी एक मंडळ : जपानमधील कैदी झिओनपुत्र. या मंडळाचे सभासद ठरवू लागले की सुटल्यावर पॅलेस्टाइनला जायचे, एकत्र जमीन कसायची, कोणी कोणाचा मालक नाही, कोणी नोकर नाही. ट्रुम्पेल्डोरने टॉलस्टॉय वाचलेला होता, त्याचा हा परिणाम.

मला हा भाग पाठातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच्या नावाचे पुतळे आणि पथके नंतर झाली. पण ज्या माणसाला स्वतःची हिब्रू येत नव्हती, जो एका हाताने जेवायला शिकत होता, तो परक्या देशात तारेच्या कुंपणाआड बसून दुसऱ्यांना अक्षरे गिरवायला लावत होता. आपला हा वर्गही परक्या देशातच भरतो. आपल्याला कुंपण नाही, तरी रविवारी सकाळी दहा वाजता उठून यायला आपण किती कुरकुर करतो!

आपल्या लोकांतही एक असा कैदी होऊन गेला. समाजी हसाजी दिवेकर, ज्यांना शमुवेल यहेज्केल असेही म्हणतात, ते कंपनी सरकारच्या मुंबई पलटणीत मोठ्या हुद्द्यावर होते. म्हैसूरच्या लढाईत भावासह टिपूचे कैदी झाले. परंपरेने असे सांगतात की टिपूच्या आईने 'बनी इस्राएल' हे नाव ऐकले, ते आपल्या कुराणातले आहे हे तिला आठवले आणि तिने त्यांना सोडायला लावले. सुटून आल्यावर त्यांनी मुंबईला मांडवीत १७९६ साली आपले पहिले सिनेगॉग बांधले, शाआर हाराहामीम, म्हणजे दयेचे दार. पुढे सेफर तोरा आणायला ते कोचीनला गेले आणि तिकडेच वारले. मशीद बंदरजवळचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. कैदेतून आलेला माणूस पहिल्यांदा काय बांधतो ते पाहण्यासारखे असते. एकाने मंदिर बांधले, दुसऱ्याने शाळा काढली.

खेचरांची पलटण

पुढचे जरा भरभर सांगतो. रशियात परतल्यावर त्याला शौर्याची चार पदके आणि राखीव दलात अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला. ज्यूला हा हुद्दा मिळणे जवळजवळ अशक्य होते. सेंट पीटर्सबर्गला त्याने कायदा शिकला. आरामात राहता आले असते. १९१२ साली तो थोड्या सोबत्यांसह पॅलेस्टाइनला गेला, मिग्दालला आणि मग देगानियाला शेतावर राबला. एका हाताने नांगर धरणारा माणूस बघायला लोक थांबत, असे सांगतात.

१९१४ साली महायुद्ध लागले. तुर्कस्तान रशियाविरुद्ध उतरले आणि पॅलेस्टाइनवर तेव्हा तुर्की सुलतानाचे राज्य होते. तिथल्या रशियन ज्यूंना सांगण्यात आले : तुर्की नागरिक व्हा, नाहीतर चालते व्हा. बेन-गुरिओनसारख्या काहींचे म्हणणे होते की तुर्की नागरिकत्व घ्यावे, म्हणजे जमीन सुटणार नाही. ट्रुम्पेल्डोरने नकार दिला आणि हजारो हद्दपारांबरोबर अलेक्झांड्रियाला गेला. इथे तुम्हाला आश्चर्य वाटेल. ज्या भूमीसाठी तो पुढे मेला, त्या भूमीचे नागरिकत्व समोर आले तेव्हा त्याने ते घेतले नाही. कारण त्याच्या मते ते त्या भूमीचे नव्हतेच, सुलतानाचे होते.

अलेक्झांड्रियात त्याची आणि झेएव्ह जाबोटिन्स्कीची गाठ पडली. दोघांनी ठरवले की इंग्रजांच्या बाजूने ज्यूंची फौज उभारायची. इंग्रजांनी उत्तर दिले, फौज नको, खेचरे हाकणारे द्या, तेही गॅलिपोलीला. जाबोटिन्स्की चिडून निघून गेला, त्याला हा अपमान वाटला. ट्रुम्पेल्डोर म्हणाला, तुर्काला हटवायचे आहे ना, मग कोणत्या आघाडीवरून आणि कशावर बसून याला महत्त्व नाही. सुमारे ६५० माणसे भरती झाली आणि 'झिओन म्यूल कोअर' तयार झाली. टोपीवर मागेन दावीदचे चिन्ह. कमांडर जॉन पॅटरसन, आयर्लंडचा ख्रिस्ती माणूस, ज्याने आफ्रिकेत त्सावोचे नरभक्षक सिंह मारले होते तोच. दुसऱ्या क्रमांकावर कॅप्टन ट्रुम्पेल्डोर.

एप्रिल १९१५ मध्ये ते गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. काम रात्रीचे. पाण्याचे डबे, काडतुसांच्या पेट्या, पाव, सगळे खेचरांवर लादून खंदकांपर्यंत न्यायचे, वरून गोळे पडत असताना. त्याच किनाऱ्यावर हिंदुस्थानातल्या खेचर-तुकड्याही हेच काम करत होत्या. खेचर काय प्रकार आहे हे ज्याने घाटात पाहिले आहे त्यालाच कळेल. ओझे आवडले नाही की ते जागचे हलत नाही, मग कॅप्टन असो नाहीतर जनरल. तिथे ट्रुम्पेल्डोरला खांद्यात गोळी लागली, तरी तो इस्पितळात जायला तयार नव्हता.

१९१६ साली ही पलटण मोडली. नंतर लंडनला खरी ज्यू पलटण उभी राहिली, पण तिच्यात त्याला, म्हणजे कल्पना ज्याची होती त्यालाच, परकी नागरिक म्हणून अधिकारी करता आले नाही. तो रशियाला गेला. तिथे क्रांती झाली होती. त्याने तरुणांची 'हेहालुत्स' ही संघटना बांधली, म्हणजे पुढे जाऊन जमीन तयार करणारे. आणि १९१९ च्या अखेरीस तो पुन्हा पॅलेस्टाइनमध्ये होता.

तेल हाय

नकाशात गालिलचा अगदी उत्तरेचा टोकदार भाग पाहा. १९१९ च्या शेवटी इंग्रजांनी तिथून फौज काढली आणि तो भाग फ्रेंचांकडे जायचा होता. फ्रेंचांविरुद्ध अरबांचे बंड सुरू होते. मधे चार छोट्या ज्यू वस्त्या. त्यांनी जाहीर केले की आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही. पण कोणाच्याच बाजूचे नसलेल्या माणसावर दोन्ही बाजूंचा संशय असतो. त्यातली एक वस्ती तेल हाय. नाव अरबी 'तल्हा'वरून आले, आणि हिब्रूत त्याचा अर्थ झाला 'जीवनाची टेकडी'.

ट्रुम्पेल्डोर तिथे बचावाची व्यवस्था बघायला गेला. थोड्या दिवसांसाठी असे म्हणून गेला होता. इकडे ज्यू पुढाऱ्यांच्या सभेत वाद चालला होता. जाबोटिन्स्कीचे म्हणणे, एवढ्या थोड्या माणसांनी तिथे टिकाव धरणे शक्य नाही, तरुणांना खरे सांगा आणि परत बोलवा. इतरांचे म्हणणे, एक वस्ती सोडली की बाकीच्याही सोडाव्या लागतील. वाद होत राहिला, मदत वेळेवर गेली नाही. मला या सभेचा राग येतो, खोटे का बोलू. दोन्ही बाजूंच्या मुद्द्यांत तथ्य होते, पण तेल हायला बसलेल्या माणसांना ना मदत मिळाली, ना परत या असा निरोप मिळाला.

१ मार्च १९२०, आदार ११, ५६८०. जवळच्या हालसा गावाकडून शेकडो माणसे आली. वस्तीत फ्रेंच सैनिक लपले आहेत का ते बघू द्या, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा पुढारी कामिल एफेंदी याला काही माणसांसह आत घेतले. वरच्या खोलीत झटापट झाली आणि गोळी सुटली. पहिली गोळी कोणाची यावर एकमत नाही. मग अंगणात, फाटकात, सगळीकडे गोळीबार. ट्रुम्पेल्डोरच्या पोटात गोळ्या लागल्या. दिवसभर तो शुद्धीवर होता, माणसांना सूचना देत होता. संध्याकाळी त्याला शेजारच्या क्फार गिलादीला नेत असताना वाटेतच त्याने प्राण सोडला. वय ३९. त्या दिवशी आणखी पाच जण गेले, त्यांत देवोरा द्राख्लर आणि सारा खिझिक या दोन तरुणी होत्या. आधीच्या आठवड्यांतले दोन धरून आठ. पलीकडच्या बाजूचेही गेले, त्यांच्याही घरी रडारड झाली असेल. आठ जणांवरून गावाला नाव मिळाले, किर्यात श्मोना, आठांचे गाव. ते १९४९ साली ज्या जागी वसले ती जागा हालसाचीच. तोपर्यंत तिथले अरब लोक १९४८ च्या युद्धात गाव सोडून गेलेले होते. हे दोन्ही एकाच श्वासात सांगायला हवे असे मला वाटते, म्हणून सांगितले.

शेवटचे शब्द

इस्राएलमध्ये शाळकरी पोरांना शिकवतात की मरताना तो म्हणाला, काही हरकत नाही, आपल्या देशासाठी मरणे चांगले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आणि सोबत असलेल्यांनी अशा अर्थाचे काही ऐकल्याचे सांगितले. नंतर शंका घेणारेही निघाले. त्याची हिब्रू मोडकी होती, तो वेदनेत रशियनमध्ये एखादी कडक शिवी देत असेल, असेही म्हणतात. दोन्ही गोष्टी वर्गात सांगितल्या तेव्हा मुले हसली आणि एक आजोबा रागावले. आजोबांचे रागावणे मला कळते. त्यांनी स्वतः भावाला सैन्याच्या गणवेशात निरोप दिलेला आहे. मुलांचे हसणेही कळते. त्यांना पुतळ्यापेक्षा शिवी देणारा माणूस जवळचा वाटला.

मी वर्गात असे सांगितले : तो काय म्हणाला हे घटकाभर बाजूला ठेवू. ज्या भाषेत तो नीट बोलू शकत नव्हता त्या भाषेच्या देशासाठी तो मेला, आणि तो देश तेव्हा नकाशावर नव्हताही. त्याच्याजवळ कुठल्या देशाचे कागद होते यावरून त्याचा देश कुठला ते सांगता येत नाही. तुमच्यापैकी काहींकडे भारताचा पासपोर्ट आहे, काहींकडे इस्राएलचा, दोघांकडे जपानचा. आणि मराठी मोडकी आहे म्हणून तुम्ही लाजता.

गेल्यावर मात्र त्याचे सगळे वाटेकरी झाले. त्याच वर्षी मजुरांनी त्याच्या नावाचे श्रमपथक काढले. त्यांच्या किबुत्झचे नाव तेल योसेफ. १९२३ साली रीगाला विरुद्ध मताच्या तरुणांनी 'बेतार' काढले, त्यातही त्याचेच नाव गुंफले. जाबोटिन्स्की, जो तेल हाय सोडा म्हणाला होता, तोच बेतारचा पुढारी. १९३४ साली मेल्निकोव्हने घडवलेला गर्जणारा दगडी सिंह कबरीपाशी बसवला. शेतकऱ्यांनी त्याला शेतकरी म्हटले, सैनिकांनी सैनिक. तो दोन्ही होता, आणि दंतवैद्यही होता, हे कोणी फारसे म्हणत नाही.

टोकियोतला एक मुलगा

याच शहरात अशीच एक गोष्ट घडली, तीही थोडक्यात सांगतो, कारण शिंजुकुच्या नाकामुरायाची करी तुम्ही सगळ्यांनी खाल्ली आहे. १९१५ साली इंग्रजांपासून पळून आलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना हद्दपारीचा हुकूम झाला, तेव्हा त्या बेकरीच्या मालकांनी, सोमा कुटुंबाने, त्यांना लपवले. पुढे त्यांच्या तोशिको या मुलीशी रासबिहारींचे लग्न झाले. १९२३ साली ते जपानचे नागरिक झाले, १९२७ पासून नाकामुरायात त्यांनी शिकवलेली करी मिळू लागली. त्यांचा मुलगा मासाहिदे जपानी सैन्यात गेला आणि १९४५ साली ओकिनावाच्या लढाईत मेला. वडील त्याच वर्षी २१ जानेवारीला टोकियोत वारले होते, त्यामुळे मुलाची बातमी त्यांना कळलीच नाही. ते युद्ध आपल्या लोकांच्या दृष्टीने कोणत्या बाजूचे होते हे मोठ्यांना सांगायला नको. तरीही बापाने स्वीकारलेल्या देशासाठी मुलगा गेला, आणि रासबिहारींची कबर फुच्यूच्या तामा दफनभूमीत आहे. वर आलेले ताकाहाशीही त्याच दफनभूमीत आहेत.

शब्द

वेढा म्हणजे किल्ल्याला चारी बाजूंनी घेरणे. युद्धकैदी, जपानीत 'होर्यो'. खेचर म्हणजे गाढव आणि घोडी यांचे पिल्लू, जपानीत 'राबा'. पलटण म्हणजे सैन्याची तुकडी, पण आजी जेव्हा "काय पलटण घेऊन आलीस!" म्हणते तेव्हा अर्थ वेगळा. हद्दपार म्हणजे देशाबाहेर काढलेला. हश्कावा म्हणजे आपल्याकडे गेलेल्या माणसासाठी म्हणतात ती प्रार्थना. ती कोणाच्या नावाने म्हणायची ते आधी हजानला सांगून ठेवावे लागते, आणि नाव बापाच्या नावासह द्यायचे : योसेफ बेन झेएव्ह. वुल्फ आणि झेएव्ह, दोन्हींचा अर्थ लांडगा.

घरी करायचे

आजी-आजोबांना विचारा की आपल्या घराण्यात पलटणीत कोण होते, कोणत्या गावचे, आणि पेन्शन घेऊन कुठे राहिले. उत्तर मराठीतच लिहून आणा, चुका झाल्या तरी चालतील. ज्यांच्या घरातले कोणी इस्राएलच्या सैन्यात होते किंवा आहे त्यांनी त्या माणसाला फोन करावा. पण लढाईबद्दल विचारू नका, जेवण कसे होते ते विचारा, बाकीचे ते आपणहून सांगतील. ज्यांच्या घरी सैन्यातला कोणी परत आला नाही, त्यांच्याकडे मी स्वतः येईन, तिथे लिहिण्याचे काम नको.

मोठ्या गटाने एक पान लिहावे : पुढाऱ्यांच्या सभेत तुम्ही असता तर तेल हायला 'थांबा' म्हणून कळवले असते की 'परत या' म्हणून? एकच बाजू घ्यायची.

पुढच्या रविवारी वर्ग खोलीत भरणार नाही. नोगीझाका स्टेशनच्या १ नंबरच्या दारापाशी सकाळी दहाला जमायचे. नोगींचे घर आतून बघता येणार नाही, बाहेरच्या वाटेवरून खिडक्यांतून डोकावायचे. पाऊस असेल तर छत्री आणा, वर्ग रद्द होणार नाही.